सातवं खातं

सहा मुलांची खाती उघडली. सातवं उघडेना.

फेब्रुवारीचा शेवट होता. मराठी भाषा गौरव दिनानिमित्त रावेर तालुक्यातल्या एका महाविद्यालयाने मला विकिपीडियावर बोलायला बोलावलं होतं. संगणक कक्षात चाळीसेक मुलं-मुली, पहिल्या रांगेत प्राचार्य, त्यांच्या शेजारी सावद्याहून मुद्दाम आलेले एक निवृत्त गुरुजी. भिंतीवर पडदा, माझ्या हातात माईक. ‘विकिपीडिया कोणीही लिहू शकतं. आत्ता, इथे बसून, तुम्हीसुद्धा,’ असं मी तिसऱ्यांदा सांगत होतो, तेवढ्यात सातव्या संगणकावरच्या मुलीने हात वर केला. खातं उघडायला नकार आला होता. आठव्याचं तेच, नवव्याचं तेच.

कारण साधं आहे. एका इंटरनेट जोडणीवरून चोवीस तासांत सहाच नवी खाती उघडता येतात. खोटी खाती काढून धुडगूस घालणाऱ्यांना आवरण्यासाठी केलेला हा नियम. कार्यशाळा घेणाऱ्याने आधी कळवलं तर त्यातून सूट मिळते. मी कळवलं नव्हतं. मी वर्षानुवर्षं घरी एकटा बसून लिहीत आलेलो, आणि एकट्याला हा नियम कधी आडवा येत नाही.

मग मी आणखी एक चूक केली. एकेका खात्यावर सहा-सात मुलं बसवली. कोणी ‘रावेर’ उघडलं, कोणी ‘केळी’, कोणी तालुक्यातलंच ‘पाल’ हे गाव. एका गटाने कुठल्याशा संकेतस्थळावरचे तीन परिच्छेद उचलून जसेच्या तसे डकवले. दुसऱ्या गटाने महाविद्यालयाच्या स्मरणिकेतला मजकूर आणला. तो जुन्या, युनिकोड नसलेल्या टंकात होता, त्यामुळे पानावर नुसती अगम्य चिन्हं उमटली. एका मुलीने मात्र स्वतः विचार करून केळीच्या लागवडीवर चार ओळी लिहिल्या होत्या. अर्ध्या तासाने ‘बघा, आपण जगासाठी काय लिहिलं’ म्हणत मी पान पुन्हा उघडलं. पडद्यावर काहीच नव्हतं. तीन परिच्छेद नाहीत, चिन्हं नाहीत आणि त्या चार ओळीही नाहीत. सगळं उलटवलेलं.

ती मुलगी बसल्या जागेवरून म्हणाली, “सर, आमी लिहेल कोनं पुसलं?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते चाळीस मुलांसमोर सांगण्यासारखं नव्हतं. प्राचार्यांनी घड्याळाकडे पाहिलं, आभार मानले, चहा आला. सावद्याचे गुरुजी जाताना एवढंच म्हणाले, “कोणीही लिहू शकतं म्हणाला होतात तुम्ही.”

त्या रात्री मला पुण्याची गोष्ट आठवली. ती मला पूर्ण माहीत होती, म्हणूनच अधिक लागलं.

2011 साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यात एक शिक्षण प्रकल्प सुरू केला. त्याआधी अमेरिकेतल्या काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांनी वर्गातला अभ्यास म्हणून विकिपीडियावर लेख लिहायचे, हा प्रयोग झाला होता आणि बरा चालला होता. तोच भारतात आणायचं ठरलं. सिंबायोसिसचं अर्थशास्त्र महाविद्यालय, पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे सीओईपी, आणि एसएनडीटी महिला विद्यापीठ या संस्था त्यात होत्या. विद्यार्थी हजाराच्या आसपास. त्यांना मदत करायला ‘कॅम्पस अ‍ॅम्बॅसेडर’ नेमले गेले. उत्साही, हुशार तरुण होते ते. पण त्यातल्या बहुतेकांनी स्वतःच विकिपीडियावर फारसं लिहिलेलं नव्हतं.

मुलांनी इंग्रजी विकिपीडियावर लिहायला घेतलं, आणि पाठ्यपुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारेच्या उतारे तिथे येऊन पडू लागले. विकिपीडियाचा मजकूर मुक्त परवान्याखाली असतो. कोणीही तो पुढे वापरू शकतं. म्हणूनच दुसऱ्याच्या हक्कातली उचललेली ओळ तिथे राहून चालत नाही. ती काढावी लागते, आणि काढण्याआधी शोधावी लागते. हे काम कुठलंही यंत्र पूर्णपणे करत नाही. जगात कुठेतरी बसलेला एखादा स्वयंसेवक नोकरीवरून घरी येतो, संशय आलेलं वाक्य शोधतो, मूळ पुस्तकाशी ताडून बघतो, ते काढतो, लिहिणाऱ्याच्या चर्चा पानावर समज देतो आणि पुढच्या वाक्याकडे वळतो. पुण्यातल्या एकेका वर्गातून अशी शेकडो वाक्यं येत होती. समज दिली जात होती, पण आपल्याला चर्चा पान नावाची काही जागा आहे हे पुष्कळ मुलांना माहीतच नव्हतं. त्यामुळे तीच मुलं दुसऱ्या दिवशी तेच करत. इकडे गुण मिळवायचे आहेत म्हणून लिहिणं चालू, तिकडे कोणी विचारलेलं नसताना निस्तरणं चालू. नोव्हेंबरात प्रकल्प थांबवावा लागला.

मुलांनी नक्कल केली म्हणून सगळा दोष त्यांच्यावर ढकलणं सोपं आहे. मला ते मान्य नाही. आपल्याकडे पहिलीपासून ‘पुस्तकात आहे तसंच लिहा’ म्हणून गुण देतात. गाइडातलं उत्तर शब्दशः आलं तर शाबासकी, आणि स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर अर्धा गुण कमी. अशा मुलाला परक्या भाषेत, मुदतीच्या आत, जगासमोर लिहायला सांगितल्यावर तो काय करेल? त्याने तेच केलं जे त्याला शिकवलं होतं.

माझ्या मते पुण्यात मोडलं ते आणखी आधी, प्रकल्पाची ओळख करून दिली तेव्हाच. मुलांना संपादनाचं बटण दाखवलं गेलं. बटणामागे जागी असणारी माणसं दाखवली गेली नाहीत. आणि त्या माणसांना, म्हणजे वर्षानुवर्षं विनामोबदला राबणाऱ्या जुन्या संपादकांना, ‘एवढे विद्यार्थी येणार आहेत, तुम्हाला झेपेल का’ असं कोणी नीट विचारलं नाही. मी रावेरात हेच केलं, फक्त आकडा लहान होता. ‘कोणीही लिहू शकतं’ हे खरंच आहे. पण ते अर्धं वाक्य आहे. लिहिलेली प्रत्येक ओळ कोणीतरी वाचतं, हा त्याचा दुसरा अर्धा भाग मी व्यासपीठावरून गिळून टाकला होता.

मराठी विकिपीडियाला मे 2003 पासूनचा इतिहास आहे, आणि तिथल्या जुन्या लोकांनी जागांना नावंसुद्धा विचार करून दिली आहेत. सर्वांनी मिळून बोलायच्या जागेचं नाव ‘चावडी’. नवख्याने हात वळवायच्या जागेचं नाव ‘धूळपाटी’. आपले पणजोबा पाटीवर धूळ पसरून बोटाने अक्षरं गिरवायचे, चुकलं की हात फिरवून पुसायचे. त्या पाटीची आठवण. मी मुलांना धूळपाटीवर बसवलं नाही. चावडीवर कळवलं नाही. परगावची माणसं घेऊन थेट कोणाच्या तरी वाड्यात शिरलो आणि वाड्यातल्यांनी दार लावलं तेव्हा दुखावलो.

पुण्यानंतर काय झालं, हे मला जास्त मोलाचं वाटतं. फाउंडेशनने टोरी रीड या बाहेरच्या अभ्यासक बाईंकडून प्रकल्पाचं मूल्यमापन करून घेतलं आणि तो अहवाल कपाटात न ठेवता सगळ्यांना वाचायला खुला केला. फार लवकर फार मोठं केलं, मदतनीस नवखे होते, संपादक समाजाला बरोबर घेतलं नाही, हे त्यात स्पष्ट आलं. ज्यांनी महिनोन्‌महिने घाण उपसली त्यांना आपलं म्हणणं लेखी स्वरूपात पाहायला मिळालं. दुखावलेल्या माणसाला बहुतेकदा एवढंच हवं असतं: झालं ते चुकलं असं समोरच्याने कबूल करावं.

मग कृती बदलली. 2012 च्या सुरुवातीला कैरोत पुढचा प्रयोग झाला, कैरो आणि ऐन शम्स या विद्यापीठांत. विद्यार्थी थोडे, प्राध्यापक निवडक, स्थानिक अनुभवी विकिपीडियन सुरुवातीपासून सोबत, आणि मुख्य म्हणजे लिहायचं ते स्वतःच्या भाषेत, अरबीत. भारतातही दिशा बदलली. बंगळुरूच्या सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी या संस्थेकडे 2012 पासून भारतीय भाषांच्या विकिपीडियांना हातभार लावण्याचं काम आलं. 2013 मध्ये तिथल्याच ख्राइस्ट विद्यापीठात मुलांनी इंग्रजीऐवजी हिंदी, कन्नड, तमिळ अशा भाषांतून लिहायला सुरुवात केली. आपल्या राज्य मराठी विकास संस्थेनेही पुढे मराठी भाषा पंधरवड्यात महाविद्यालयांतून विकिपीडियाच्या कार्यशाळा घेतल्या. 2011 च्या पडझडीतून हे सगळं एका रात्रीत उभं राहिलं नाही. वर्षं गेली.

भाषेचा मुद्दा इथे फार खोल जातो. 2009 च्या सुमारास गूगलने पैसे देऊन भाषांतरकार नेमले आणि इंग्रजी लेखांची तमिळ, तेलुगू, बंगाली, कन्नड, हिंदी अशा भाषांत भाषांतरं करून विकिपीडियांवर टाकायला सुरुवात केली. संख्या भराभर वाढली. पण भाषा अवघडलेली, विषय कोणाच्या कामाचे नाहीत, आणि विचारलेलं कोणालाच नाही. बंगाली विकिपीडियाने असे लेख नाकारले. तमिळ लोकांनी वेगळं केलं. कोणते लेख हवेत याची यादी आम्ही देऊ, वेग कमी ठेवा, चुका दाखवू त्या दुरुस्त करा, अशा अटी घालून ते बोलणी करायला बसले. 2010 मध्ये पोलंडमधल्या ग्दान्स्कला विकिमीडियाचा जागतिक मेळावा झाला, तिथे तमिळ संपादकांनी हा अनुभव मांडला. नकार देणं आणि अटी घालणं, दोन्ही मला स्वाभिमानाचेच मार्ग वाटतात. आमच्याकडे मात्र गावात कोणी काही ‘फुकट’ घेऊन आलं की अटी घालायला माणूस लाजतो.

आणि स्कॉट्स भाषेचं उदाहरण तर खानदेशाने भिंतीवर लिहून ठेवावं असं आहे. स्कॉटलंडच्या या भाषेत विकिपीडिया आहे, आणि 2020 मध्ये उघड झालं की त्यातले हजारो लेख अमेरिकेतल्या एका पोराने लिहिलेत, ज्याला ती भाषा येतच नाही. शब्दकोशातून शब्द उचलून इंग्रजी वाक्यांत कोंबलेले. लहान होता तेव्हापासून तो लिहीत होता, वाईट हेतू नव्हता. पण जगभर लोकांनी ते वाचून ‘स्कॉट्स म्हणजे वाकडी इंग्रजी’ असा समज करून घेतला असणार. त्यावर काही जण म्हणाले, सगळंच बंद करा. ज्यांची ती भाषा होती ते मात्र एकत्र आले आणि एकेक लेख दुरुस्त करायला बसले. आमच्याकडच्या अहिराणी किंवा लेवा गणबोलीत उद्या कोणी हौसेने, घाईने असंच केलं तर? ‘ळ’चा ‘य’ केला, दोन-चार क्रियापदं वाकवली की झाली बोली, असं वाटणारे आजही कमी नाहीत.

रावेरकडे परत येतो.

तीन आठवड्यांनी मी त्या महाविद्यालयात पुन्हा गेलो. प्राचार्यांकडे अर्धा तास मागितला, व्यासपीठ मागितलं नाही. त्या दिवशीच्या पानांचा ‘इतिहास’ उघडून त्यांना दाखवला. विकिपीडियाच्या प्रत्येक पानाला हा इतिहास असतो: कोणी, कधी, काय घातलं, काय काढलं, सगळं तारीख-वेळेसह. नक्कल कुठून झाली ते दाखवलं. खाती का उघडली नाहीत ते सांगितलं. त्या चार प्रामाणिक ओळीही त्याच झाडूत कशा गेल्या ते सांगितलं. मी नीट तयारी केली नव्हती, मुलांचा दोष नाही, असंही सांगितलं. ते बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, “हे सगळं तेव्हाच का नाही दाखवलं?” महाविद्यालयात पुन्हा कार्यक्रम ठेवायला ते तयार झाले नाहीत. मुलांना कळवतो, ज्यांना यायचं ते येतील, एवढं म्हणाले. तेही पुष्कळ होतं.

चाळीसांपैकी पाच आले. तीन मुली, दोन मुलं. बाकीच्यांचा तो दिवस मी परत आणू शकत नाही. एकाने तर निरोप पाठवला होता, ‘पुन्हा हसं करून घ्यायचं नाही.’ मी त्याला दोष देत नाही.

आम्ही गावातल्या वाचनालयात शनिवारी दुपारी बसू लागलो. सावद्याचे गुरुजीही येत. पहिले तीन शनिवार कोणी एक अक्षर लिहिलं नाही. फक्त वाचायचं: लेख, त्याचा इतिहास, त्यावरची चर्चा. कोण कोणाशी का भांडलं, कोणी माघार घेतली, संदर्भ कुठून आणला. मी चावडीवर एक निवेदन टाकलं: रावेरहून पाच जण शिकत आहेत, आधीच्या गोंधळाबद्दल क्षमस्व, चुकलो तर सांगा. एका प्रचालकाने, म्हणजे तिथली व्यवस्था पाहणाऱ्या स्वयंसेवकाने, दुसऱ्या दिवशी उत्तर दिलं आणि मुलांच्या धूळपाटीवर नजर ठेवायचं कबूल केलं. ते कुठे राहतात, काय करतात, मला आजही ठाऊक नाही. पण मुलांसाठी ‘पुसणारा’ माणूस त्या दिवसापासून ‘बघणारा’ झाला.

चौथ्या शनिवारी गुरुजींनी विचारलं, रावेरबद्दल जुन्यात जुनं छापील काय सापडतं? मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा खानदेश खंड 1880 चा आहे, हक्कमुक्त आहे, कोणालाही वाचता येतो. तेव्हा खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व आणि पश्चिम असे दोन तुकडे 1906 मध्ये झाले, त्यांचेच पुढे जळगाव आणि धुळे. जुन्या गॅझेटियरांतून मुलांना कळलं की 1763 मध्ये निजामाने रावेर पेशव्यांना दिलं, पेशव्यांकडून ते होळकरांकडे गेलं, आणि एके काळी हे गाव सोन्याच्या जरीच्या तारेसाठी आणि देशी कपड्यांसाठी नावाजलेलं होतं. केळीच्या गावाला सोन्याची तार! एका मुलाने घरी जाऊन आजोबांना विचारलं. त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्याने ते वाक्य स्वतःच्या मराठीत लिहिलं, पुढे संदर्भ दिला, आणि ते टिकलं. पुढच्या शनिवारी तो आला तो सरळ इतिहास उघडूनच, कोणी हात लावला का बघायला. कोणीतरी लावला होता. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारला होता.

केळीच्या पानावर मात्र अडलो. तिथे मुलांकडे माहितीचा खजिना होता. मृगबाग आणि कांदेबाग, खोडव्याचं पीक, घडाच्या फण्या, करप्याची पानं, आणि सीएमव्ही म्हणजे कुकुंबर मोझॅकने उपटून फेकाव्या लागलेल्या बागा. हे त्यांनी पाहिलेलं, सोसलेलं. पण विकिपीडियाला प्रकाशित, विश्वासार्ह संदर्भ लागतो; ‘आमच्या वडिलांनी सांगितलं’ चालत नाही. हा नियम मला पूर्वी फार निर्दय वाटे. गुरुजींनी तो वेगळ्या बाजूने धरला. म्हणाले, आपल्याकडे कळणारे पुष्कळ आहेत, छापणारे कमी. तर मग आधी छापलेलं शोधा, आणि सापडलं नाही तर आपणच कुठेतरी छापून आणा. मुलं कृषी विभागाच्या पुस्तिका, जुनी कृषी मासिकं, विश्वकोशातली नोंद धुंडाळू लागली. जळगावच्या केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कागदपत्रांतही बरंच सापडलं. जे सापडलं नाही ते आजही लिहिलेलं नाही.

‘केयी’ या शब्दावर दोन शनिवार वाद झाला. लेवा बोलीत केळी म्हणजे केयी. घरात हेच म्हणतात. लेखात घ्यायचं का? चार ओळी लिहिणाऱ्या त्या मुलीचा आग्रह होता की घ्यायचं. चर्चा पानावर तिने मुद्दा मांडला, बोलीच्या कोशाचा आधार दिला. एकाने हरकत घेतली, दुसऱ्याने पाठिंबा दिला, शेवटी शब्द स्थानिक नाव म्हणून राहिला. मी या वादात काहीही बोललो नाही. मला तेव्हा श्रीधर व्यंकटेश केतकर आठवत होते. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे 23 खंड काढताना त्यांनी सरकारची वाट पाहिली नाही. कंपनी काढून, शेअर विकून, वर्गणीदार जमवून काम उभं केलं. ज्याने पैसे दिले त्याला खंडाबद्दल तक्रार करायचा हक्क होता. लोकांचा कोश लोकांच्या तक्रारीवरच उभा राहतो, आणि तक्रार करायची जागा कुठे आहे हे आधी सांगावं लागतं.

पुढे मुलं फैजपूरच्या पानाकडे वळली. ते गाव इथून जवळच. डिसेंबर 1936 मध्ये तिथे काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. गांधीजींच्या सांगण्यावरून चित्रकार नंदलाल बोस आले आणि त्यांनी अधिवेशनासाठी उभारलेलं टिळकनगर आसपास मिळणाऱ्या बांबूसारख्या साध्या सामानातून सजवलं. आमच्या दोन मुलींनी त्या पानावर काम केलं. त्यातल्या एकीची पणजी तेव्हा डोक्यावर पाणी घेऊन तिथे गेली होती म्हणे. तेही छापलेलं नाही, म्हणून लेखात नाही. पण वाचनालयाच्या टेबलावर ते सांगितलं गेलं, आणि गुरुजींनी वहीत टिपून घेतलं.

पाचातले दोघं पुढे शिकायला गेले, त्यांचं लिहिणं थांबलं. तिघं अजून लिहितात. मागच्या पावसाळ्यात त्या मुलीचा, जिच्या चार ओळी पुसल्या गेल्या होत्या तिचा, फोन आला. आता ती नोकरी करते, रात्री जेवणं आटोपली की अलीकडचे बदल बघते. कोणा नवख्याने तालुक्यातल्या एका गावाच्या पानावर वर्तमानपत्रातला अख्खा मजकूर डकवला होता. तिने तो काढला होता. पण काढण्याआधी त्याच्या चर्चा पानावर चार ओळी लिहिल्या होत्या: मजकूर का ठेवता येत नाही, त्यातली कोणती माहिती मोलाची आहे, ती स्वतःच्या शब्दांत कशी लिहायची, अडलं तर कुठे विचारायचं.

तिला फक्त एक शंका होती. समोरचा बहुतेक शाळेतला पोरगा असावा. त्याला ‘तू’ लिहायचं की ‘तुम्ही’?

मी म्हटलं, तुला काय वाटतं?

“तुम्हीच लिहिलंय,” ती म्हणाली. “पयलंच लिहेल असंन त्याचं.”